किरकोळ मोटार अपघात आणि नाकारलेला विमा दावा : सानगडी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

किरकोळ अपघातानंतर वाहनाच्या नुकसानीचा विमा दावा नाकारला गेला की बहुतेक वाहनधारक तो विषय तेथेच सोडून देतात. रक्कम लहान असते, कार्यालय दूर असते आणि कंपनीचे पत्र अंतिम आहे असा समज असतो. प्रस्तुत लेखात दावा नाकारण्याची प्रचलित कारणे, त्यांपैकी कायद्याच्या कसोटीवर टिकणारी व न टिकणारी कारणे, दावा योग्य रकमेचा आहे की नाही हे पडताळण्याची रीत आणि दाद मागण्याचे मार्ग यांचे विवेचन केले आहे. नकारपत्रातील कारण आणि प्रत्यक्ष अपघात यांचा परस्परसंबंध तपासणे हा संपूर्ण वादाचा गाभा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मोटार विमा, नकारपत्र, सर्वेक्षक, घसारा, सेवेतील त्रुटी, ग्राहक आयोग, विमा लोकपाल.

१. प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडी हे जुन्या किल्ल्यासाठी परिचित असलेले, भातशेतीच्या टापूतील गाव आहे. तालुक्याचे ठिकाण असलेल्या साकोलीतून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ६, जातो. महामार्गावरील मोठ्या अपघातांची बातमी होते. परंतु गावाकडे येणाऱ्या रस्त्यांवर होणाऱ्या लहान अपघातांची नोंदही बहुधा होत नाही. धान घेऊन निघालेल्या ट्रॉलीचा मागील दिवा नसणे, संध्याकाळी घराकडे परतणारी गुरे अचानक आडवी येणे, अरुंद रस्त्यावर समोरच्या वाहनाला वाट देताना गाडी काठावरच्या झाडाला घासणे, अशा प्रसंगांत माणसाला इजा होत नाही. मात्र बंपर, दिवे, बोनेट आणि काच यांचा खर्च वीस-तीस हजार रुपयांच्या घरात सहज जातो. प्राध्यापक, शिक्षक, शेतकरी व लहान व्यावसायिक यांच्या दृष्टीने ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नाही. त्याच वेळी त्यासाठी वकील नेमून लढावे इतकी ती मोठीही वाटत नाही. याच मधल्या पट्ट्यात नाकारलेले दावे विरून जातात.

२. उद्दिष्टे आणि व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) दावा नाकारण्याच्या प्रमुख कारणांचे स्वरूप स्पष्ट करणे.
(२) सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांच्या आधारे त्या कारणांची वैधता तपासणे.
(३) ग्रामीण विमाधारकास उपलब्ध असलेल्या दाद मागण्याच्या मार्गांचा क्रम सांगणे.

विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचे असून ते वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यापुरते मर्यादित आहे. मृत्यू वा शारीरिक इजेच्या भरपाईचे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. त्यांचा येथे विचार केलेला नाही.

३. विमापत्राचे स्वरूप : पहिला गैरसमज

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये त्रयस्थ पक्षाच्या जोखमीचा, म्हणजे ज्याला व्यवहारात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात तो विमा सक्तीचा आहे. या विम्यातून आपल्या वाहनामुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून मिळते. स्वतःच्या वाहनाचे नुकसान भरून मिळत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ भाग असलेले सर्वसमावेशक विमापत्र लागते. केवळ थर्ड पार्टी विमा असताना स्वतःच्या गाडीचा दावा नाकारला गेला, तर त्यात कंपनीची त्रुटी नाही. समोरच्या वाहनाची चूक असल्यास त्याच्या मालकाविरुद्ध व विमा कंपनीविरुद्ध न्यायाधिकरणात मालमत्तेच्या हानीची भरपाई मागता येते. परंतु गुरे आडवी येऊन झालेल्या अपघातात असे दुसरे वाहनच नसते. म्हणून ग्रामीण रस्त्यांवर स्वतःच्या नुकसानीच्या विम्याला विशेष महत्त्व आहे.

विमा हा करार असून तो परम सद्भावनेच्या तत्त्वावर आधारलेला असतो. विमाधारकाने माहिती लपवू नये आणि कंपनीने अपवादाचे कलम ताणू नये, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. अपवादाचे कलम लागू आहे हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो आणि त्यातील शब्दरचना संदिग्ध असल्यास तिचा अर्थ कंपनीच्या विरुद्ध लावला जातो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध ईशर दास मदन लाल (२००७) या प्रकरणात मांडले आहे.

४. दावा करावा काय : रकमेचा विचार

वादात पडण्यापूर्वी देय रक्कम किती आहे हे काढणे आवश्यक आहे. २००२ च्या भारतीय मोटार टॅरिफमधील घसाऱ्याचा तक्ता आजही बहुतेक विमापत्रांत आढळतो. त्यानुसार रबर, नायलॉन व प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा वजा होतो आणि काचेच्या भागांवर काहीही वजा होत नाही. धातूच्या भागांचा घसारा वाहनाच्या वयाप्रमाणे वाढतो. तीन ते चार वर्षांच्या वाहनास तो २५ टक्के असतो. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के रक्कम साहित्याची धरून तिच्यावर ५० टक्के घसारा लावतात.

उदाहरणादाखल साडेतीन वर्षे वयाच्या लहान मोटारीचे ३०,००० रुपयांचे काल्पनिक बिल घेऊ. त्यात प्लास्टिकचा बंपर ६,०००, बोनेट व पत्र्याचे भाग ८,०००, काच ५,०००, रंगकाम ६,००० आणि मजुरी ५,००० रुपये आहे. देय रक्कम अनुक्रमे ३,०००, ६,०००, ५,०००, ५,२५० आणि ५,००० म्हणजे एकूण २४,२५० रुपये होते. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीस लागू असलेली १,००० रुपयांची सक्तीची वजावट गेल्यावर २३,२५० रुपये उरतात (करांचा विचार येथे केलेला नाही). अशा प्रसंगी कंपनीने पूर्ण बिल दिले नाही ही तक्रार टिकणार नाही. पण १५,००० रुपयेच दिले, तर उरलेल्या रकमेचा हिशेब मागण्याचा अधिकार विमाधारकास आहे. घसारामुक्त विमापत्र असल्यास ही गणना बदलते.

दुसरा विचार ‘नो क्लेम बोनस’चा आहे. सलग दावाविरहित वर्षांसाठी ही सवलत २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी वाढते व एका दाव्याने शून्यावर येते. ज्याची सवलत आज ३५ टक्के आहे, त्याने दावा केला तर पुढील पाच नूतनीकरणांत अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्क्यांची, म्हणजे एकूण १२० टक्क्यांची सवलत तो गमावतो. स्वतःच्या नुकसानीचा वार्षिक हप्ता सवलतीपूर्वी ८,००० रुपये स्थिर धरला, तर हा तोटा ९,६०० रुपयांचा होतो. म्हणून चार-पाच हजारांच्या खरचटण्यासाठी दावा करणे हिताचे नसते. तेवीस हजारांचा दावा सोडून देणेही शहाणपणाचे नसते.

५. नकाराची कारणे आणि त्यांची कसोटी

नकारपत्रातील कारणांचे तीन गट पाडता येतात.

(अ) सहसा टिकणारी कारणे : मद्यप्राशन करून वाहन चालविणे हे पहिले कारण होय. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस (२०२१) या प्रकरणात दिल्लीतील एका महागड्या मोटारीच्या अपघाताचा दावा सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून अमान्य केला. दुसरे कारण नोंदणीचा अभाव. नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स (२०१४) मध्ये तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्यावर वाहन रस्त्यावर आणणे हा कराराचा मूलभूत भंग ठरविण्यात आला. नवी गाडी घेऊन कायम नोंदणी रेंगाळत ठेवणाऱ्यांनी हा निवाडा लक्षात ठेवावा.

तिसरे कारण मालकी हस्तांतराचे आहे. जुनी गाडी विकत घेतल्यानंतर आरसी बुकवर नाव चढते, विमा मात्र आधीच्या मालकाच्या नावे राहतो. अधिनियमाच्या कलम १५७ मुळे थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो. स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा येत नाही, असे कम्प्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स (१९९६) या निवाड्यात स्पष्ट झाले. हस्तांतरानंतर चौदा दिवसांत कंपनीस कळविणे हाच यावरील उपाय आहे. याखेरीज आपोआप झालेली झीज, यांत्रिक बिघाड आणि अपघातानंतर गाडी तशीच चालवून वाढविलेले नुकसान हेही विम्याच्या बाहेर असते.

(आ) अंशतः टिकणारी कारणे : खासगी मोटार लग्नसराईत भाड्याने दिली आणि त्या वेळी अपघात झाला, तर विमापत्रातील वापराच्या अटीचा भंग होतो. तथापि अमलेंदु साहू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (२०१०) या प्रकरणात अशा भंगासाठी संपूर्ण दावा नाकारणे न्यायालयाने मान्य केले नाही. ज्याला ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोड म्हणतात त्या पद्धतीने, देय रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा मार्ग त्यात अधोरेखित झाला. अटीचा भंग झाला हे मान्य असतानाही विमाधारकाने या मार्गाची मागणी करावी.

(इ) सहसा न टिकणारी कारणे : येथे अपघाताशी संबंध नसलेले भंग येतात. बी. व्ही. नागराजू विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स (१९९६) या प्रकरणात मालवाहू वाहनात मर्यादेपेक्षा अधिक माणसे होती आणि त्या वाहनाची दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली. जादा माणसांमुळे टक्कर झाली नव्हती; म्हणून तो भंग मूलभूत नसल्याचे ठरवून न्यायालयाने वाहनाच्या नुकसानीचा दावा मान्य केला. कोणत्याही नकारपत्राला विचारावयाचा प्रश्न या निवाड्यातून मिळतो : सांगितलेल्या कारणामुळे अपघात घडला काय, अथवा नुकसान वाढले काय? मात्र हा प्रश्न सर्वत्र निर्णायक ठरत नाही. वर उल्लेखिलेल्या नोंदणीच्या प्रकरणात संबंध नसतानाही दावा गेला. कारण तेथे वाहन रस्त्यावर आणणेच बेकायदेशीर होते.

चालकाच्या लायसन्सचा मुद्दाही याच संदर्भात येतो. लायसन्स नसणे किंवा त्याची मुदत संपलेली असणे हा गंभीर दोष आहे. परंतु हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेला चालक लहान मालवाहू वा प्रवासी वाहन चालवीत होता, एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येत नाही. मुकुंद देवांगन (२०१७) प्रकरणातील हे तत्त्व पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात कायम केले. एकूण भारासह ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनांना ते लागू आहे. धान, भाजीपाला व प्रवासी वाहून नेणाऱ्या लहान गाड्यांच्या मालकांना या निवाड्याचा प्रत्यक्ष उपयोग आहे.

विलंबाने कळविल्याचे कारणही वारंवार दिले जाते. विमा नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाद्वारे केवळ विलंबावर बोट ठेवून खरे दावे नाकारू नयेत असे कंपन्यांना बजावले. ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल (२०१७) आणि गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल (२०२०) या वाहनचोरीच्या प्रकरणांतही सर्वोच्च न्यायालयाने विलंबाचे योग्य स्पष्टीकरण ग्राह्य धरले. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र म्हणजे पीयूसी नाही, हे दावा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असा खुलासा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२० मध्ये केला आहे.

६. सर्वेक्षकाचा अहवाल

विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ यूएम नुसार ठरावीक रकमेहून अधिक नुकसानीचे मूल्यमापन परवानाधारक सर्वेक्षकाकडून व्हावे लागते. प्राधिकरणाच्या जून २०२४ च्या महापरिपत्रकानुसार दावा कळविल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमणे, १५ दिवसांत त्याचा अहवाल मिळविणे आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. कागदपत्रांच्या अभावी दावा नाकारू नये, दाव्याशी संबंधित व आवश्यक तेवढीच कागदपत्रे मागावीत, असेही त्यात नमूद आहे.

सर्वेक्षक येईपर्यंत गाडी दुरुस्त करू नये, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. परंतु गावाकडे गाडी कामासाठी लागते आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये ती तत्काळ उघडली जाते. मग ‘नुकसान अपघाताशी विसंगत आहे’ असा शेरा येतो. यासाठी घटनास्थळाची, क्रमांक पट्टीसह वाहनाची आणि तुटलेल्या भागांची छायाचित्रे काढावीत. काढलेले भाग गॅरेजमध्येच ठेवावेत. सर्वेक्षक केव्हा आला व त्याने काय पाहिले याची तारखेसह नोंद ठेवावी. अपघाताचे वर्णन दावा अर्जात आणि पोलीस नोंद असल्यास तीत एकसारखे असावे. गुरे वाचविताना गाडी झाडाला लागली असेल, तर तसेच लिहावे. कोणाच्या सल्ल्याने वर्णन किंवा चालकाचे नाव बदलणे ही चूक सर्वाधिक महागात पडते. कारण त्यानंतर दावा खरा असूनही तो खोट्या माहितीच्या कारणाखाली नाकारण्यास कंपनीला आधार मिळतो.

अहवालाची प्रत लेखी मागावी. सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नसतो, असे न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार (२००९) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. तथापि त्याला उत्तर देण्यासाठी केवळ नाराजी पुरेशी नाही. गॅरेजची तपशीलवार बिले, भागांच्या किमती व छायाचित्रे सादर करावी लागतात.

७. दाद मागण्याचे टप्पे

पहिला टप्पा लेखी नकारपत्र मिळविण्याचा आहे. प्रतिनिधीने दूरध्वनीवर ‘क्लेम बसत नाही’ असे सांगणे म्हणजे नकारपत्र नव्हे. लेखी कारणाचे महत्त्व असे की, पुढे वादात कंपनीला नकारपत्रात नसलेली नवी कारणे पुढे करता येत नाहीत. गलाडा पॉवर (२०१६) आणि सौराष्ट्र केमिकल्स (२०१९) या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व लागू केले. अशा रीतीने नकारपत्र वादाची चौकटच आखून देते. विमाधारकाने त्यातील प्रत्येक कारणाला मुद्देनिहाय उत्तर तयार करावे.

दुसरा टप्पा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करण्याचा आहे. प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ या संकेतस्थळावरही ती नोंदविता येते. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास पुढील मार्ग खुले होतात.

तिसरा टप्पा विमा लोकपालाचा. विमा लोकपाल नियम, २०१७ नुसार कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. तेथे शुल्क लागत नाही व वकिलाची गरज नसते. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदारास तो अमान्य असल्यास अन्यत्र दाद मागता येते. मात्र तोच वाद न्यायालयात वा ग्राहक आयोगात प्रलंबित असल्यास लोकपाल तो हाताळत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे : आधी लोकपाल, मग आवश्यकता भासल्यास आयोग.

चौथा टप्पा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ ची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातील दोन तरतुदी सानगडीसारख्या गावातील विमाधारकासाठी मोलाच्या आहेत. पहिली म्हणजे तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा. विमापत्र नागपूर वा मुंबईच्या कार्यालयातून निघाले असले तरी भंडारा येथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. दुसरी म्हणजे आयोगाची आर्थिक अधिकारिता नुकसानीच्या रकमेवर नव्हे, तर मोबदला म्हणून दिलेल्या रकमेवर, म्हणजे विम्याच्या बाबतीत हप्त्यावर मोजली जाते. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. साहजिकच मोटार विम्याचा जवळजवळ प्रत्येक वाद जिल्हा आयोगात विनाशुल्क दाखल होतो.

तक्रार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. कंपनीस आपले म्हणणे ३० दिवसांत व फार तर आणखी १५ दिवसांत मांडावे लागते. ही मुदत बंधनकारक असल्याचे घटनापीठाने हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज (२०२०) प्रकरणात ठरविले आहे. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठ नागपूर येथे आहे. मालवाहू गाडीचा मालक व्यावसायिक असल्याने तो ग्राहक नाही, हा आक्षेप हरसोलिया मोटर्स (२०२३) या निवाड्यानंतर सहज टिकत नाही. विमा नफा मिळविण्यासाठी नव्हे, तर हानी भरून काढण्यासाठी घेतला जातो, ही त्यामागील भूमिका आहे.

एक सावधगिरी येथे नोंदविणे आवश्यक आहे. कमी रक्कम देताना ‘पूर्ण व अंतिम समाधान’ अशा मजकुराच्या पावतीवर सही घेतली जाते. फसवणूक वा अनुचित दबावाखाली सही झाल्याचे दाखविल्यास अशी पावती दाव्याच्या आड येत नाही, असे युनायटेड इंडिया विरुद्ध अजमेर सिंग कॉटन (१९९९) या निवाड्यात म्हटले आहे. परंतु ते सिद्ध करण्याचा भार विमाधारकावर येतो. सही करतानाच ‘उर्वरित रकमेचा हक्क राखून’ असे लिहिणे आणि त्याच दिवशी कंपनीस तसे पत्र पाठविणे अधिक सुरक्षित होय.

८. निष्कर्ष

(१) नकारपत्र हे एका पक्षाचे म्हणणे आहे; त्यातील कारण सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे.

(२) कराराचा भंग मूलभूत आहे, अंशतः आहे की अपघाताशी असंबद्ध आहे, यावर दावा पूर्णतः जाणे, ७५ टक्क्यांपर्यंत मिळणे किंवा पूर्ण मिळणे अवलंबून असते.

(३) लहान दाव्यांत कायद्याच्या अभावापेक्षा कागदाचा अभाव विमाधारकास अधिक नडतो.

(४) २०१९ च्या अधिनियमानंतर अंतर आणि शुल्क हे दोन अडथळे बरेच कमी झाले आहेत.

९. सूचना

महाविद्यालयांतील वाणिज्य मंडळे, ग्राहक मंच व राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यांतून विमापत्राचे वाचन, नकारपत्राला उत्तर लिहिणे आणि आयोगाकडील तक्रारीचा मसुदा तयार करणे यांचे प्रात्यक्षिक देता येईल. विद्यार्थ्यांच्या घरी विमापत्र असते, पण ते बहुधा कपाटातून बाहेर पडते ते अपघातानंतरच. ते आधी वाचले गेले, तर हस्तांतराची नोंद, लायसन्सची मुदत आणि वापराची अट या तीन बाबी वेळीच दुरुस्त होतील आणि बरेच वाद उद्भवणारच नाहीत. जे उद्भवतील त्यांत सानगडीचा विमाधारक भंडाऱ्याच्या आयोगापुढे आपली कागदपत्रे घेऊन स्वतः उभा राहू शकेल.